वाघांसाठी काम करायचंय? आधी पदवी

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीबी. तिला वाघांसाठी काम करायचंय. बारावीनंतर लगेच ऑनलाइन वाइल्डलाइफ डिप्लोमा करू द्यावा का? पुढे नोकरी लागेल का? – एक आई, सिन्नर

ताई, डिप्लोमासाठी आत्ता पैसे घालू नका. त्या कागदावर वनसेवेची परीक्षा देता येत नाही की एमएस्सीला प्रवेश मिळत नाही.

देशात २००६ साली अंदाजे १,४११ वाघ होते. २०२२ चा अंदाज ३,६८२ आहे. वाढ खरी आहे, पण राजस्थानातल्या सारिस्का आणि मध्य प्रदेशातल्या पन्ना अभयारण्यातले वाघ शिकारीने पार संपले होते, बाहेरून आणून सोडावे लागले, हेही याच सुमाराचं. विदर्भात रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेने आणि तारेच्या फासांनी आजही वाघ मरतात. रस्ते, कालवे, खाणींमुळे जंगलं तुटतात आणि आईपासून वेगळ्या झालेल्या तरुण वाघाला नवं जंगल गाठता येत नाही. यातल्या कशावर काम करायचंय, हे तिला विचारा.

जखमी प्राण्यांवर उपचार करायचे असतील तर नीट देऊन बीव्हीएस्सी, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, साडेपाच वर्षं. शिकार आणि फास रोखायचे असतील तर वनखातं : एमपीएससीतून वनक्षेत्रपाल, यूपीएससीतून भारतीय वनसेवा. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पशुवैद्यकाची पदवी दोन्हीकडे चालते.

संशोधन हवं असेल तर नाशिकलाच बीएस्सी, मग डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत एमएस्सी. जागा मोजक्या, प्रवेशपरीक्षा कडक, आणि प्रवेश दरवर्षी निघतीलच असं नाही.

पीसीबीची मुलं इथेच अडतात, कारण गणित सुटलेलं असतं. वाघ मोजताना पायवाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. एकच बाजू टिपली तर एकच वाघ दोनदा मोजला जाऊ शकतो. समोर काही हललं की हे कॅमेरे आपोआप फोटो काढतात, म्हणून गवत कापलं नाही तर ते वाऱ्याने हलून कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं. आणि जे वाघ कॅमेऱ्यात आलेच नाहीत, त्यांचा अंदाज संख्याशास्त्रानेच काढावा लागतो. म्हणून बीएस्सीत संख्याशास्त्राचा पेपर जरूर घ्यावा. आर (आकडेमोडीसाठी) आणि क्यूजीआयएस (नकाशांसाठी) ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, ती घरी शिकता येतात.

प्रकल्पांवरच्या नोकऱ्या बहुतेक कंत्राटी असतात, हे आधीच धरून चाला. नाशिकच्या जंगलात वाघ नाही, पण सिन्नर-निफाडच्या उसात बिबट्या आहे. गावकऱ्यांशी बोलणं, ठसे ओळखणं, नोंदी ठेवणं तिथेच शिकता येईल, मात्र वनखात्याच्या माणसांबरोबरच. एकटीने उसात शिरायचं नाही.