सैतानपूजकांच्या जुन्या टेलिफिल्म : वाचकांचे प्रश्न

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांनी खास टीव्हीसाठी कितीतरी भयपट बनवले. त्यांतले बरेचसे सैतानाची पूजा करणाऱ्या गुप्त पंथांचे होते. जुन्या चित्रफिती जतन करणं हे माझं काम असल्यामुळे या चित्रपटांबद्दलची पत्रं माझ्याकडे येतात. पत्रं वेगवेगळ्या गावांहून येतात, घोळ मात्र तेच असतात. म्हणून या वेळी एकत्र उत्तरं देते आहे.

‘क्रोहेवन फार्म’ (१९७०) ९० मिनिटांचा असल्याचं सगळीकडे लिहिलेलं आहे. माझी प्रत ७४ मिनिटांत संपते. कोणती दृश्यं कापली असतील?

एकही नाही. ९० मिनिटं ही प्रक्षेपणाची वेळ होती. एबीसीने १९६९मध्ये ‘मूव्ही ऑफ द वीक’ सुरू केलं ते दीड तासाचं. त्यातून जाहिराती वजा केल्या की ७३-७४ मिनिटांचा चित्रपट उरत असे. जाहिरातींच्या जागा लेखक आधीच ठरवून घेत. म्हणूनच दर काही मिनिटांनी दार करकरतं, कुणीतरी किंचाळतं आणि पडदा काळा होतो. आता त्या जाहिराती नसल्यामुळे हे झटके विचित्र वाटतात आणि आपल्याला वाटतं की मधलं काहीतरी गेलं. परदेशातल्या चित्रपटगृहांसाठी काही टेलिफिल्मना दृश्यं जोडली जात. ‘ड्युएल’ (१९७१) असाच ७४ मिनिटांवरून ९० मिनिटांपर्यंत वाढवला होता. पण ‘अनकट ९० मिनिटं’ एवढ्या शब्दांवर जादा पैसे मागणाऱ्याला आधी विचारा की वाढीव दृश्यं कोणती आणि कुठून आली. उत्तर मिळालं नाही तर व्यवहार करू नका.

‘सेटन्स स्कूल फॉर गर्ल्स’मधल्या दोघी पुढे ‘चार्लीज एंजल्स’ या मालिकेत होत्या का?

हो, केट जॅक्सन आणि चेरिल लॅड.

‘रेस विथ द डेव्हिल’ ही टेलिफिल्म मला कुठे मिळेल?

ती टेलिफिल्म नाही. १९७५मध्ये चित्रपटगृहांत आलेला चित्रपट आहे.

एक विक्रेता ‘सेटन्स स्कूल फॉर गर्ल्स’ची ‘१९७३च्या पहिल्या प्रक्षेपणावरून घरी केलेली मूळ व्हीएचएस कॅसेट’ विकतोय. किंमत चार आकडी आहे. घेऊ का?

घेऊ नका. चित्रपट लागला १९ सप्टेंबर १९७३ला आणि व्हीएचएस यंत्र अमेरिकेतल्या दुकानांत आलं १९७७मध्ये. चार वर्षांनी जन्मलेल्या यंत्रावर ते प्रक्षेपण कोण टिपणार? पुढच्या एखाद्या पुनःप्रक्षेपणाची कॅसेट असू शकते आणि तिलाही मोल आहेच, पण मग ती पुनःप्रक्षेपणाची म्हणूनच विकावी. मधल्या जाहिराती आणि बातम्यांच्या पाट्या राहिल्या असतील तर त्यांवरून साल बऱ्यापैकी ठरवता येतं. पैसे देण्याआधी त्या भागाची दहा मिनिटं मागवा आणि जाणकाराला दाखवा. तेवढं दाखवायलाही विक्रेता कां-कूं करत असेल तर समजून घ्या.

ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की ‘सेटन्स स्कूल फॉर गर्ल्स’ हा चित्रपट अमेरिकेतल्या सेलममधल्या खऱ्या शाळेवर आधारित आहे, तो पंथ आजही मुलं पळवतो आणि आता भारतातही आलाय. निदान काही तरी खरं असेल ना?

नाही. आणि ‘निदान काही तरी’ याच शब्दांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, म्हणून इथे जरा थांबून सांगते.

त्या चित्रपटातली शाळा लेखकाने रचलेली आहे. आत्महत्या केलेल्या बहिणीचा माग काढत एक मुलगी तिथे दाखल होते, हे कथानकही रचलेलं. सेलम हे गाव तेवढं खरं. पण तिथे १६९२मध्ये काय घडलं? चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिली आणि एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून चिरडून मारलं. मेलेली ही माणसं सैतानाची भक्त नव्हती, शेजाऱ्यांच्या बोलण्याने मेलेली साधी माणसं होती. चित्रपटांनी नेमकं उलटं केलं. ‘क्रोहेवन फार्म’मध्ये दगडांची तीच शिक्षा आहे, पण तिथे चेटकिणी खऱ्या निघतात. कथा म्हणून हे मला चालतं, मी तो चित्रपट अनेकदा पाहिला आहे. इतिहास म्हणून कुणी पुढे पाठवलं तर चालत नाही.

अशा टेलिफिल्मांच्या लाटेमागची कारणं उघड आहेत. १९६६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अँटन लाव्हे यांनी ‘चर्च ऑफ सेटन’ काढलं आणि त्याची भरपूर प्रसिद्धी केली. १९६८मध्ये ‘रोझमेरीज बेबी’ हा सैतानपूजकांवरचा चित्रपट गाजला. ऑगस्ट १९६९मध्ये चार्ल्स मॅन्सन या पंथप्रमुखाच्या टोळीने लॉस एंजेलिसमध्ये खून केले. वाहिन्यांना कमी खर्चातली, चटकन उरकणारी भीती हवी होती आणि ती आयती मिळाली. मग १९७१मध्ये ‘ब्लॅक नून’, जानेवारी १९७३मध्ये ‘द डेव्हिल्स डॉटर’, १९७६मध्ये ‘रोझमेरीज बेबी’ची टीव्हीवरची पुढची गोष्ट. सगळ्यांचा साचा एकच. नवखं माणूस गावात येतं, गावातले सगळे प्रतिष्ठित आतून एकमेकांना सामील असतात आणि त्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही.

दहा वर्षांनी हाच साचा खऱ्या माणसांवर बसवला गेला. १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथल्या मॅकमार्टिन बालवाडीवर मुलांवर अत्याचार केल्याचे आरोप झाले. पोलिसांनी सुमारे २०० पालकांना पत्रं पाठवली. मुलांना तेच तेच प्रश्न, उत्तर सुचवत सुचवत विचारले गेले. मुलं भुयारांबद्दल आणि विचित्र विधींबद्दल बोलू लागली. भुयारांसाठी जमीन खणण्यापर्यंत मजल गेली. सात जणांवर आरोप ठेवले होते. १९९०मध्ये सगळं संपलं तेव्हा एकालाही शिक्षा झालेली नव्हती, पण एका तरुणाची पाच वर्षं तुरुंगात गेली होती. एफबीआयच्या केनेथ लॅनिंग यांनी वर्षानुवर्षं असे आरोप तपासले आणि १९९२च्या अहवालात लिहिलं की मुलांचे बळी देणाऱ्या अशा संघटित सैतानी पंथांचा पुरावा सापडत नाही. याचं खापर मी टेलिफिल्मांवर फोडत नाही. पण लोकांच्या डोक्यात ती चित्रं आधीपासून होती, हे नाकारताही येत नाही.

आणि हे दूर अमेरिकेतलं आहे म्हणून सोडून देऊ नका. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार केलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्याआधी फिरलेले मेसेज तुमच्या ग्रुपवरच्या मेसेजसारखेच होते. तुमच्याकडे आलेला मेसेज पुढे पाठवू नका आणि ग्रुपवर ‘हे खोटं आहे’ असं लिहा. कुणाचं नाव किंवा फोटो जोडून फिरत असेल तर आजच पोलिसांकडे जा. मुलाबद्दल खरीखुरी शंका असेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा. मुलाला घरी खोदून खोदून विचारू नका, ते काम प्रशिक्षित माणसाचं आहे.

चित्रपटाला ५० वर्षं झाली. आता स्वामित्वहक्क संपला असेल, यूट्यूबवर टाकू का?

५० वर्षांचा नियम कुठून आला ते मला कळत नाही. भारतात चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. अमेरिकेतला हिशेब वेगळा आणि किचकट आहे. टाकण्यापूर्वी या विषयातल्या वकिलाला विचारा.

वडिलांनी १९८०च्या दशकात न्यू जर्सीहून आणलेल्या दहा-बारा कॅसेट आहेत. आमच्या व्हीसीआरवर चित्र काळंपांढरं दिसतं आणि वर सरकत राहतं. पट्टीवर पांढरे ठिपकेही आहेत. कुणी म्हणालं उन्हात ठेवा, कुणी म्हणालं ओव्हनमध्ये. पावसाळा संपल्यावर दुरुस्त केल्या तर चालेल ना?

चित्र सरकणं हा बिघाड नाही. त्या कॅसेट अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीच्या आहेत आणि तुमचं यंत्र पाल, म्हणजे भारतातल्या पद्धतीचं. दोन्ही चालवणारं यंत्र लागेल.

ठिपके मात्र बुरशीचे असावेत. आता एकही कॅसेट लावू नका. बुरशी यंत्राच्या हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटमध्ये जाते. ऊन नको, ओव्हन तर मुळीच नको. तो उपाय वेगळ्या दोषासाठी, काही ठरावीक फितींवर आणि मोजलेल्या तापमानाला करतात. प्रत्येक कॅसेट स्वतंत्र पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह, उभी ठेवा. हाताळताना मास्क लावा. घरात कुणाला दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आणि पावसाळा संपेपर्यंत थांबायचं कशासाठी? बुरशीला हाच काळ मानवतो. फुनाई ही जपानी कंपनी शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत होती, तिनेही २०१६मध्ये बंद केले. चालू यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात दर वर्षी कमी होत आहेत. फिती स्वच्छ करून डिजिटल करणारा माणूस याच आठवड्यात गाठा. ‘जाहिराती काढून टाका’ असं त्याला सांगू नका. चित्रपट दुसरीकडे मिळेल, त्या रात्रीच्या जाहिराती मिळणार नाहीत.

‘एचडी वाइडस्क्रीन’ प्रत चांगली की जुनी चौकोनी?

चौकोनी. हे चित्रपट त्या काळच्या टीव्हीच्या ४:३ चौकटीसाठी रचलेले आहेत. रुंद करताना वरचा आणि खालचा भाग छाटला जातो. मूळ ३५ मिमी फिल्मवरून, पूर्ण चौकटीत केलेली प्रत मिळाली तर तीच घ्या.

भाचा दहा वर्षांचा आहे. ‘डेव्हिल डॉग’ (१९७८) दाखवू का? कुत्र्याचाच तर चित्रपट आहे. मागे एक भुताचा चित्रपट बघून तो महिनाभर एकटा झोपत नव्हता.

दाखवू नका. त्यात घरातली आई आणि मुलंच हळूहळू बदलत जातात. मोठ्यांना ते गमतीचं वाटेल, त्या वयाच्या मुलाला नाही. महिनाभर झोप उडाली होती हे त्याच्या आईवडिलांना माहीत आहे का? नसेल तर आधी त्यांना सांगा. भीती अजून टिकून असेल तर बालमानसतज्ज्ञांना एकदा दाखवायला सांगा.