'माझं काय चुकलं?' ऑटोइम्युन आजार आणि भोवतालच्या गोष्टी : वाचकांचे प्रश्न

संधिवात, ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंडं अशा अनेक अवयवांना ग्रासणारा आजार), टाइप १ मधुमेह, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार). हे ऑटोइम्युन आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते. आजार निरनिराळे आहेत, पण या वेळच्या जवळपास प्रत्येक पत्रात विचारणा एकच आहे : हे कशामुळे झालं? आणि तिच्या आड बहुतेक ठिकाणी दुसरी दडलेली आहे : माझं काय चुकलं? पहिल्या प्रश्नाची काही उत्तरं आता बरीच ठोस झाली आहेत. दुसऱ्याचं उत्तर बहुतेकांसाठी 'काहीच नाही' असंच आहे, आणि ते मी केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. का, ते पुढे येईलच.

प्रश्न : आम्ही एकसारख्या जुळ्या बहिणी. मला एकविसाव्या वर्षी ल्युपस झाला, ती मात्र ठणठणीत आहे. जनुकं तीच असताना असं कसं? तिलाही होईल का?

न होण्याचीच शक्यता जास्त आहे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ल्युपस झाला, तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण अभ्यासांमध्ये साधारण चारात एक किंवा त्याहून कमी आढळतं. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात, म्हणजे संधिवाताच्या ऑटोइम्युन प्रकारात, ते आणखी कमी आहे. सगळं जनुकांवरच असतं तर हे आकडे शंभर टक्क्यांच्या जवळ गेले असते.

मग उरलेलं सगळं भोवतालच्या परिस्थितीमुळे का? इथे जरा थांबावं लागतं. आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी शत्रूला ओळखण्यासाठी पृष्ठभागावरचे जे ग्राहक (रिसेप्टर) वापरतात, ते प्रत्येक पेशी जनुकांचे तुकडे यदृच्छेने जुळवून तयार करते. त्यामुळे जुळ्या बहिणींच्या शरीरातही या पेशींचा संच सारखा नसतो. म्हणजे जनुकं आणि परिस्थिती यांच्या जोडीला निव्वळ योगायोगही आहे, आणि त्याचा वाटा लहान नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्यासारख्या प्रत्येकीला सांगावीशी वाटते. अमेरिकी सैन्यदलातल्या 130 ल्युपस रुग्णांचे जुने, साठवून ठेवलेले रक्तनमुने तपासले गेले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 115 जणांच्या रक्तात निदानाच्या आधीच स्वतःच्या शरीराविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सापडली, काहींमध्ये तर नऊ वर्षांहून अधिक आधी. त्यामुळे आजार दिसला त्याच्या आदल्या महिन्यात काय खाल्लं, कुठे गेलो, कशाचा ताण घेतला, हे आठवत बसण्यात फारसा अर्थ नाही. सुरुवात बहुधा त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

बहिणीला काहीच त्रास नसेल तर केवळ काळजीपोटी तिची एएनए (अशी प्रतिपिंडं शोधणारी रक्त) तपासणी करू नका. निरोगी माणसांतही ती बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते आणि नसती धास्ती लागते. तुम्ही स्वतः मात्र उन्हापासून जपा. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्यांच्या आतले घटक उघडे पडतात आणि ल्युपस भडकतो.

प्रश्न : वीस वर्षं सिगारेट ओढली. आता ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचं निदान झालंय. डॉक्टर म्हणतात सिगारेट सोडा. सांध्यांचा आणि धुराचा संबंध काय?

ऑटोइम्युन आजारांमागच्या बाहेरच्या कारणांमध्ये सर्वांत नीट उलगडलेली गोष्ट बहुधा हीच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

धुरामुळे फुप्फुसांत सतत दाह राहतो. त्या दाहात काही एन्झाइम जागी होतात आणि प्रथिनांमधल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिनमध्ये रूपांतर करतात. प्रथिन आपलंच, पण चेहरा बदललेला. ज्यांच्याकडे एचएलए-डीआरबी१ या जनुकाचे विशिष्ट प्रकार असतात, त्यांची प्रतिकारयंत्रणा असे बदललेले तुकडे विशेष उत्साहाने उचलून धरते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. तुमच्या रिपोर्टवर 'अँटी-सीसीपी' असं जे लिहिलेलं असतं, ती हीच. म्हणजे पुष्कळ रुग्णांमध्ये सांध्यांचा आजार बहुधा सांध्यांत सुरूच होत नाही. तो फुप्फुसांत सुरू होतो आणि काही वर्षांनी बोटांमध्ये उतरतो.

स्वीडनमधल्या 2006 च्या अभ्यासाने या जोडीची ताकद दाखवून दिली. धूम्रपान न करणाऱ्या आणि जनुकाचे ते प्रकार नसलेल्या माणसांच्या तुलनेत, धूम्रपान करणाऱ्या आणि त्या प्रकारांच्या दोन प्रती असलेल्यांना अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह संधिवाताचा धोका 21 पट आढळला. ती प्रतिपिंडं नसलेल्या संधिवातात मात्र असं काही दिसलं नाही. नाव एक असलं तरी हे कदाचित दोन वेगळे आजार आहेत, असं मला वाटतं त्याचं हे एक मोठं कारण.

आता तुमच्यापुरतं. सिगारेटमुळेच 'तुम्हाला' आजार झाला, असं कुणीही खात्रीने सांगू शकणार नाही. हजारो माणसांमध्ये धोका मोजता येतो, एका माणसात कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. पण सोडण्याचं कारण भूतकाळात शोधायची गरजच नाही. सिगारेट चालू असेल तर मेथोट्रेक्सेट आणि टीएनएफ-रोधक या संधिवातावरच्या औषधांचा गुण कमी येतो. सोडण्याचा लाभ आजपासूनचा आहे. हिरड्यांकडेही लक्ष द्या. हिरड्यांच्या जुनाट आजारात सापडणारा एक जिवाणू प्रथिनांमध्ये याच प्रकारचा बदल घडवू शकतो. हा दुवा धुराइतका पक्का नाही, पण दात नीट ठेवण्यात तोटा कुणाचाच नाही.

प्रश्न : वडील आयुष्यभर दगड कापण्याच्या कामावर होते. आता त्यांची बोटं थंडीत पांढरी-निळी पडतात, त्वचा कडक होत चालली आहे आणि दम लागतो. धुळीमुळे फुप्फुसं खराब होतात हे ऐकलं होतं. त्वचा कशी?

त्यांना लवकरात लवकर संधिवाततज्ज्ञांना दाखवा, आणि ते काय काम करत होते हे पहिल्या भेटीतच सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. तुम्ही वर्णन केलेली लक्षणं स्क्लेरोडर्माची, म्हणजे त्वचा कडक करणाऱ्या ऑटोइम्युन आजाराची, असू शकतात, आणि दगडाच्या धुळीशी त्याचं नातं फार जुनं आहे. बायरम ब्रॅमवेल या डॉक्टरांनी एडिंबरामध्ये 1914 सालीच दगडकाम करणाऱ्यांमध्ये हा आजार नोंदवला होता. 1957 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतल्या कामगारांबद्दल तशीच नोंद झाली. त्याआधी, 1953 मध्ये, कॅप्लन या डॉक्टरांनी वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांत फुप्फुसांतल्या गाठी आणि संधिवात एकत्र आढळतात हे दाखवलं होतं. शंभर वर्षांहून जुनी माहिती आहे ही. तरीही आज कामगाराला 'धूळ फुप्फुसाला वाईट' एवढंच सांगितलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दोषी घटक म्हणजे स्फटिकरूप सिलिका. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसांच्या तळाशी पोहोचतात. तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी फुटते, दाह वाढवणारे पदार्थ बाहेर पडतात, कण पुन्हा मोकळा होतो आणि पुढची पेशी त्याला गिळते. हे चक्र काम सोडल्यावरही चालू राहतं. प्रतिकारयंत्रणा वर्षानुवर्षं अशी चेतलेली राहिली की ती स्वतःच्याच ऊतींवर उलटण्याची शक्यता वाढते. स्क्लेरोडर्मा, ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि ल्युपस या तिन्हींशी सिलिकेचा संबंध दिसला आहे. त्यात सिगारेटची भर पडली तर संधिवाताचा धोका दोन्हींच्या बेरजेहून अधिक वाढतो.

घरात आणखी कुणी हेच काम करत असेल तर त्यांच्यासाठी : दगड पाण्याची धार सोडून ओलाच कापावा, धूळ जागच्या जागी ओढून घेणारं यंत्र असावं आणि तोंडावर नीट बसणारा रेस्पिरेटर असावा. तोंडाला बांधलेलं फडकं हे कण अडवत नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडात सिलिकेचं प्रमाण 90 टक्क्यांच्याही वर असू शकतं. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदी घातली आहे.

प्रश्न : मुलाला सातव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. मी त्याला वरचं दूध लवकर दिलं होतं आणि घरही फारच स्वच्छ ठेवते. कुणी म्हणतं, म्हणूनच झालं. खरं आहे का?

नाही. हे मन घट्ट करून वाचा.

गाईच्या दुधाचा संशय जुना आहे, आणि म्हणूनच तो नीट तपासला गेला. 15 देशांमधल्या 2159 बाळांना, आईच्या दुधाच्या जोडीला, एकतर गाईच्या दुधावर आधारलेली नेहमीची पावडर दिली किंवा प्रथिनं आधीच तोडलेली खास पावडर. सगळी बाळं मधुमेहाचा धोका जास्त असलेल्या कुटुंबांतली होती. 2018 मध्ये निष्कर्ष आला : दोन्ही गटांत मधुमेहाच्या प्रमाणात फरक नाही.

स्वच्छतेचं थोडं वेगळं आहे. फिनलंडमध्ये मुलांतल्या टाइप १ मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त. सीमेपलीकडच्या रशियन कारेलियात जनुकं मिळतीजुळती, तरी ते प्रमाण साधारण सहापट कमी आढळलं. बालपणी भेटणारे जंतू आणि आतड्यांतले जिवाणू यांचा यात वाटा असावा, हा विचार तिथूनच बळावला. कॉक्सॅकीसारख्या विषाणूंवरही संशय आहे. पण हा फरक दोन समाजांच्या अख्ख्या राहणीमानाचा आहे. एका आईच्या फरशी पुसण्याचा नाही. मुलाच्या भावंडांना मुद्दाम घाणीत खेळवून काही टळेल, असंही दिसलेलं नाही. तुम्ही काहीही वेगळं केलं असतं तर हा आजार टळला असता, असं म्हणायला मला कुठलाच आधार सापडत नाही.

प्रश्न : मल्टिपल स्क्लेरोसिस विषाणूमुळे होतो हे सिद्ध झालं म्हणतात. मग तो संसर्गजन्य आहे का?

आजार संसर्गजन्य नाही, विषाणू मात्र संसर्गजन्य आहे. एपस्टाइन-बार नावाचा हा विषाणू जगातल्या सुमारे 95 टक्के प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर मुक्काम ठोकून असतो. 2022 मध्ये एक कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदींमधून दिसलं की याच्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका 32 पट वाढतो. तसाच पसरणाऱ्या सायटोमेगॅलोव्हायरसमुळे मात्र वाढत नाही. म्हणजे हा विषाणू जवळजवळ आवश्यक अट आहे, पण पुरेशी अट नाही. तुमच्यामुळे घरातल्या कुणाला हा आजार होणार नाही.

प्रश्न : रक्तदाबाच्या गोळ्यांनी ल्युपस होतो असं वाचलं. गोळ्या बंद करू का?

बंद करू नका. ज्या औषधाबद्दल हे पक्कं माहीत आहे ते हायड्रॅलाझिन. त्याखेरीज हृदयाच्या ठोक्यांसाठीचं प्रोकेनामाइड, क्षयावरचं आयसोनियाझिड, मुरमांवरचं मिनोसायक्लिन. ही औषधं घेणाऱ्यांपैकी थोड्यांनाच असा ल्युपस होतो, आणि औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुधा ओसरतो. सांधेदुखी, ताप किंवा पुरळ असेल तर गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. अचानक सोडलेल्या गोळीने रक्तदाब उसळला, तर ते संकट मोठं आहे.

प्रश्न : ड जीवनसत्त्व घेतल्याने हे आजार टळतात का?

थोडे. अमेरिकेतल्या 25,871 प्रौढांवरच्या चाचणीत रोज 2000 युनिट घेणाऱ्यांमध्ये पाच वर्षांत 123 जणांना ऑटोइम्युन आजार झाला, न घेणाऱ्यांमध्ये 155 जणांना. हे सगळे पन्नाशी ओलांडलेले होते, आणि प्रश्न आजार टाळण्याचा होता, झालेला बरा करण्याचा नाही. डोस डॉक्टरांना विचारूनच ठरवा. याचा अतिरेक मूत्रपिंडांना महागात पडतो.

प्रश्न : एका केंद्रात लघवी तपासून 'शरीरात जड धातू साठलेत, म्हणून थायरॉईडचा आजार' असं सांगितलं. डिटॉक्सचे दहा सलाइन घ्यायला सांगतायत.

घेऊ नका. आधी हे विचारा : लघवीचा नमुना देण्यापूर्वी त्यांनी तुम्हाला एखादं औषध दिलं होतं का? धातू ओढून काढणारं औषध आधी दिलं की कुणाच्याही लघवीत धातू वाढलेले दिसतात, तुमच्या, माझ्या, कुणाच्याही. त्या आकड्याची तुलना औषध न घेतलेल्या माणसांच्या प्रमाणाशी केली की प्रत्येक जण 'विषारी' ठरतो. अशा सलाइनमध्ये चुकीचं औषध गेल्याने रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत.

धातूंचा काहीच संबंध नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. गोरेपणाच्या काही क्रीममध्ये पारा असतो आणि त्याने मूत्रपिंडांच्या गाळण्यांवर ऑटोइम्युन हल्ला होतो. पायांना सूज येते, लघवीला फेस येतो. तुम्ही अशी क्रीम वापरत असाल तर आजच थांबवा आणि डबी डॉक्टरांना दाखवा. थायरॉईडच्या बाबतीत जास्त विचारण्यासारखी गोष्ट आयोडीन आहे. ते कमी पडलं तर वाईटच, पण गरज नसताना समुद्री शेवाळाच्या किंवा आयोडीनच्या गोळ्या घेतल्या तर हाशिमोटोचा आजार (थायरॉईडवरचा ऑटोइम्युन हल्ला) बळावू शकतो. सलाइनसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून टीएसएच (थायरॉईडचं काम दाखवणारं संप्रेरक) आणि थायरॉईडविरोधी प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या, आणि घरात चालू असलेली प्रत्येक पावडर, गोळी, काढा कागदावर लिहून सोबत न्या.