नंबर वेबसाइटवर जुळला, म्हणजे हिऱ्याचं सर्टिफिकेट खरं समजायचं का?

तुम्ही विचारलंय, की साखरपुड्यासाठी घेतलेल्या एक कॅरेटच्या हिऱ्यासोबत जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचं सर्टिफिकेट मिळालंय, नंबर त्यांच्या साइटवर टाकला तर सगळं जुळतंय, मग आता निर्धास्त राहायचं का? मी मुंबईच्या बीकेसीत हिऱ्यांच्या असॉर्टिंगचं, म्हणजे प्रतवारीचं, काम करतो, आणि माझं उत्तर आहे: अजून नाही. साइटवर नंबर जुळला याचा अर्थ एवढाच, की त्या नंबरचा एक हिरा जीआयएने कधीतरी तपासला होता. तुमच्या अंगठीत तोच हिरा आहे, हे त्यातून कळत नाही. चोरीच्या गाडीला दुसऱ्या गाडीची नंबरप्लेट लावली, तर नंबर आरटीओच्या नोंदीत सापडणारच ना?

साइटची पायरी तुम्ही केलीच आहे, पण एक विचारतो. सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड स्कॅन केला होता, की पत्ता स्वतः टाइप केला होता? कोड कुठल्याही पानावर नेऊ शकतो, हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवरसुद्धा. जीआयए डॉट ईडीयू असं हाताने टाइप करा, रिपोर्ट चेकमध्ये नंबर टाका, तिथे मिळणारी पीडीएफ उतरवून घ्या आणि तुमच्या कागदाशी ओळीने ओळ ताडून बघा. होलोग्राम, बारीक छपाई वगैरे बघत बसू नका, चांगला छापखाना ते सगळं करून देतो.

आता खरं काम. हिऱ्याच्या वरच्या आणि खालच्या भागांमध्ये एक बारीक कड असते, तिला गर्डल म्हणतात. बऱ्याच हिऱ्यांच्या गर्डलवर लेझरने रिपोर्ट नंबर, म्हणजे सर्टिफिकेटवरचाच नंबर, कोरलेला असतो. जीआयएचा छोटा रिपोर्ट, म्हणजे डॉसिए, असेल तर नंबर कोरलेला असायलाच हवा. मोठ्या रिपोर्टमध्ये तो ऐच्छिक असतो, पण कोरला असेल तर तशी नोंद रिपोर्टमध्ये असते. दुकानात दहापट मोठं दाखवणारं भिंग, म्हणजे आयग्लास, मागा, किंवा सरळ मायक्रोस्कोपच. हिरा चिमट्यात आडवा धरून हळूहळू फिरवला, की प्रकाशाच्या एका विशिष्ट कोनात पांढुरकी अक्षरं दिसतात आणि लगेच नाहीशी होतात. सवय नसलेल्याला पाच-दहा मिनिटं लागतात, घाई करू नका. अंगठीत बसवलेल्या हिऱ्यात नंबर नेमका प्राँगखाली, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नखीखाली, गेलेला असू शकतो. जीआयए फक्त सुटा हिराच ग्रेड करते, म्हणजे तुमचा हिराही कधीतरी सुटा होता. म्हणून अजून कुणी घ्यायचं असेल, तर बसवण्याआधी सुटाच बघावा.

आणि कोरलेला नंबर दिसला तरी थांबायचं नाही. लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यावर अस्सल नॅचरल, म्हणजे खाणीतल्या हिऱ्याचा नंबर कोरून तो लॅबकडे आल्याची प्रकरणं जीआयएनेच जाहीर केली आहेत. मॉइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या वेगळ्याच खड्यावरसुद्धा असा खोटा नंबर सापडलाय. असे लोक वजन, रंग आणि आकार शक्य तितका जवळचा निवडतात. पण शंभर टक्के सारखा हिरा मिळत नाही, आणि चोरी तिथेच पकडली जाते.

समजा, सर्टिफिकेटवर ६.४१ – ६.४४ × ३.९७ मिमी आणि १.०० कॅरेट लिहिलंय. पहिले दोन आकडे म्हणजे सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त व्यास, तिसरा म्हणजे उंची. सुट्या हिऱ्याला गेज (मोजपट्टीचं यंत्र) लावलं, तर दुसऱ्या दशांशात किरकोळ फरक चालेल, पण ६.५० आला तर तो हिरा वेगळाच आहे. वजनाचंही तसंच. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्यामुळे एका सेंटचा, म्हणजे कॅरेटच्या शंभराव्या भागाचा, फरक म्हणजे फक्त २ मिलिग्रॅम. असं वजन सोनाराच्या साध्या काट्यावर करू नका, हिऱ्याच्या काट्यावरच करा.

मोठ्या रिपोर्टवर हिऱ्याचा नकाशा असतो. आतले दोष लाल खुणांनी आणि पृष्ठभागावरचे हिरव्या खुणांनी दाखवतात. टेबलखाली (हिऱ्याच्या वरच्या सपाट पैलूखाली) उजवीकडे लाल ठिपका असेल, तर आयग्लासमधून तो दोष तिथेच दिसला पाहिजे. विशेषतः एसआय ग्रेडमध्ये, म्हणजे दोष थोडे ठळक असताना, हे जमतं; व्हीव्हीएसमध्ये, म्हणजे दोष अतिसूक्ष्म असताना, तुम्हाला काही दिसणार नाही, मलाही घाम फुटतो. डॉसिएवर नकाशा नसतो, तिथे फ्लुरोसन्स, म्हणजे यूव्ही प्रकाशात हिऱ्याचं चमकणं, कामी येतो. अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च मारा. रिपोर्टवर स्ट्राँग ब्लू लिहिलंय आणि हिरा गप्प बसलाय, किंवा नन लिहिलंय आणि तो निळाशार पेटतोय, तर सरळ उठा.

दुकानदार पेनासारखा टेस्टर लावून ‘बघा, वाजला’ म्हणतात, त्यावर विसंबू नका. तो उष्णता किती झपाट्याने वाहते एवढंच मोजतो. लॅबग्रोन हा हिराच असल्यामुळे त्याच्यावर तो वाजतोच, आणि मॉइसनाइटवरही बऱ्याचदा वाजतो.

घोटाळा होतो अशा आणखी दोन जागा. हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी हे सोन्याच्या शुद्धतेसाठी असतात, हिऱ्याशी त्यांचा संबंध नाही. आणि दुकानाचं स्वतःचं छापील कार्ड म्हणजे लॅबचा रिपोर्ट नव्हे. रिपोर्ट आयजीआय या दुसऱ्या लॅबचा असेल तर नंबरच्या आधी एलजी आहे का ते बघा. असेल तर हिरा लॅबग्रोन आहे, दुकानदार तोंडाने काहीही सांगो. शिवाय रिपोर्ट अस्सल असूनही ग्रेड सढळ हाताने दिलेली असू शकते. ईजीएल या लॅबच्या रिपोर्टबद्दल हीच तक्रार होती, आणि २०१४ मध्ये रॅपनेट या हिऱ्यांच्या ऑनलाइन बाजाराने ते आपल्या व्यापारी यादीतून काढून टाकले.

तुमच्या बाबतीत अंगठी तयार आहे, म्हणून मी असं करेन. आधी दुकानात मायक्रोस्कोपखाली नंबर दाखवायला सांगेन. दिसत नसेल किंवा टाळाटाळ झाली, तर हिरा काढून घेऊन त्याच रिपोर्टशी पडताळणीसाठी लॅबला देईन. जीआयएची लॅब मुंबईत बीकेसीत आहे, सुरतलाही आहे. खर्च होतो, पण एक कॅरेटच्या नॅचरल हिऱ्याच्या किमतीपुढे तो किरकोळ आहे. काढताना आणि परत बसवताना तुम्ही समोर उभे राहा, नाहीतर नवीनच शंका सुरू होईल. आणि आजच बिल काढून बघा: त्यावर रिपोर्ट नंबर, वजन आणि ‘नॅचरल’ हा शब्द लिहिलाय का? नुसतं ‘डायमंड रिंग’ लिहिलं असेल, तर दुकानात जाऊन ते बिल बदलून घ्या.