कारखान्यातून रुग्णालयाच्या देखभाल विभागात येताना नवीन काय शिकावं लागतं?

तुम्ही विचारलंय की कारखान्यात बरीच वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केल्यावर आता एका रुग्णालयाची वीज आणि इमारत दोन्ही सांभाळायची आहेत, तर वेगळं काय असेल आणि सुरुवात कुठून करावी. मी याच कामात आहे. माझं मत असं की आधी एक सवय मोडावी लागते. कारखान्यात शंका आली की आपण सप्लाय बंद करतो; बंद म्हणजे सुरक्षित. रुग्णालयात पोट उघडलेल्या पेशंटसाठी बंद हाच धोका असतो. म्हणून बिघाड ब्रेकर पाडण्याइतका वाढायच्या आत आपल्याला कळला पाहिजे. बाकीचं बरंचसं काम यातूनच निघतं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूत दिसेल. तिथे जीव ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या उपकरणांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून वीज देतात. त्याच्या दुय्यम, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या, बाजूची कुठलीच तार अर्थला जोडलेली नसते. त्यामुळे एखाद्या मशीनमध्ये फेज बॉडीला लागला तरी करंटला परतीची वाट मिळत नाही, ब्रेकर पडत नाही आणि ऑपरेशन चालू राहतं. इन्सुलेशन मॉनिटर मात्र तारा आणि अर्थ यांच्यामधला रोध सतत मोजत असतो. तो 50 किलोओहमपर्यंत उतरला की पिवळा दिवा लागतो आणि बझर वाजतो. आयईसी 60364 या आंतरराष्ट्रीय विद्युत मानकाच्या वैद्यकीय जागांच्या भागानुसार बझरचा आवाज बंद करता येतो, पण बिघाड असेपर्यंत पिवळा दिवा विझवता येत नाही. तो दिवा म्हणजे तुम्हाला मिळालेली मुदत आहे. दुसरा फॉल्ट दुसऱ्या तारेवर आला तर मग ब्रेकर पडणारच. म्हणून पिवळा दिवा लागला की चालू केस संपेपर्यंत नवीन काही जोडू नका, शेवटी कोणतं उपकरण लावलं ते विचारा आणि शोध तिथून सुरू करा. ओला झालेला प्लग किंवा पलंगाच्या चाकाखाली चिरडलेली केबल, बहुतेक वेळा असंच काहीतरी निघतं.

हे सिस्टरांना समजावून सांगणं हे आपलंच काम आहे. नाहीतर बझर बंद होतो आणि पिवळा दिवा आठवडाभर तसाच जळत राहतो, कारण 'सगळं चालू तर आहे'.

दुसरी गोष्ट करंटच्या मापाची. आपण 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे गळती करंट ओळखून सप्लाय तोडणाऱ्या ब्रेकरवर, विश्वास ठेवत आलो. पण हृदयापर्यंत तार किंवा कॅथेटर गेलेल्या पेशंटच्या बाबतीत त्वचेचा रोध आड येतच नाही. हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या उपकरणांना सामान्य स्थितीत पेशंटकडे जाणारा गळती करंट 10 मायक्रोअँपिअरपर्यंतच चालतो. तुमचा आरसीसीबी याच्या तीन हजार पट करंटला पडतो. तो या पेशंटला वाचवू शकत नाही. वाचवतं ते समविभव बाँडिंग, म्हणजे पलंग, पेंडंट (छतातून खाली आलेला सॉकेट-गॅसचा खांब), गॅसचे पाइप, सॉकेटचा अर्थ हे सगळं एकाच पट्टीला जोडून त्यांच्यात व्होल्टेजचा फरकच उरू न देणं. सॉकेटच्या अर्थपासून त्या पट्टीपर्यंतचा रोध 0.2 ओहमपेक्षा जास्त नसावा. फरशी बदलताना किंवा भिंत रंगवताना ही जोडणी तुटते आणि कुणाला पत्ता लागत नाही, कारण त्यामुळे काहीच बंद पडत नाही. सिव्हिलचं काम झालं की मीटर घेऊन जाच.

आता जनरेटर. दर आठवड्याला इंजिन चालवून वहीत सही करणं म्हणजे चाचणी नव्हे. त्यातून इंजिन सुरू होतं एवढंच कळतं. मेनचा ब्रेकर उघडा आणि लोड मेनवरून जनरेटरवर नेणारा ट्रान्सफर स्विच स्वतःहून फिरतो का, ठरल्या सेकंदांत लोड घेतो का, कोणती फीडर मागे राहिली ते बघा. ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) दिवे अर्ध्या सेकंदात आणि बाकी सुरक्षा पुरवठा 15 सेकंदांत यावा, असा आयईसीचा निकष आहे. अमेरिकेत एनएफपीए 110 हे आपत्कालीन वीजपुरवठ्याचं मानक महिन्यातून एकदा 30 मिनिटं, क्षमतेच्या किमान 30 टक्के लोडवर चालवायला सांगतं. लोडशिवाय फिरवत राहिलं तर न जळलेलं डिझेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते. सुरू होण्याच्या वेळी दगा देणारी वस्तू बहुतेकदा स्टार्टरची बॅटरी असते, तिच्याकडे आधी बघा. अर्थात अशी ट्रायल ओटीच्या यादीवर केस नसताना, इन-चार्ज सिस्टर आणि बायोमेडिकलवाल्यांना (वैद्यकीय उपकरणं सांभाळणाऱ्यांना) सांगून, आयसीयूत माणूस उभा करूनच घ्यायची.

आणि जनरेटर एकटा बघू नका. 2012 मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात होते आणि तिथे पाणी शिरलं. माणसांनी जिन्यावरून डिझेल वर नेलं, आणि शेवटी रुग्णालय रिकामं करावं लागलं. तुमच्याकडे पंप, कंट्रोलची वायर, व्हॅक्यूम पंप, मेडिकल एअरचा कॉम्प्रेसर, पेशंटची लिफ्ट, कोण कशावर अवलंबून आहे ते कागदावर काढा. यूपीएसच्या बॅटऱ्या गरम खोलीत कोंबल्या असतील तर त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं. तिथला एसी ही चैन नाही.

इमारतीच्या बाजूला दोन गोष्टींवर मी कठोर राहतो. पहिली, आगरोधक भिंतीतली भोकं. आयसीयूतले पेशंट जिन्याने खाली पळवता येत नाहीत, त्यांना त्याच मजल्यावर शेजारच्या सुरक्षित भागात सरकवायचं असतं. तो भाग सुरक्षित राहतो तो भिंतीमुळे. एखादा ठेकेदार इंटरनेटची एक केबल टाकून भोक उघडं ठेवून गेला की धूर फॉल्स सीलिंगच्या वरून पलीकडे पोचतो. भोक फायर सीलंटने बुजवल्याचा फोटो आल्याशिवाय मी बिलावर सही करत नाही.

दुसरी, धूळ. सीलिंगची एक फरशी सरकवली तरी वर साचलेली धूळ खाली येते आणि तिच्यात ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असू शकतात. आपल्याला काही होत नाही, पण कॅन्सरच्या उपचाराने प्रतिकारशक्ती गेलेल्या पेशंटला जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. अशा वॉर्डात पाच मिनिटांचं वायरिंगसुद्धा संसर्ग नियंत्रणाच्या लोकांना विचारून, आडोसा लावून करा. ओटीला गाळलेली हवा पुरवणाऱ्या यंत्राचे, म्हणजे एएचयूचे, फिल्टर तुंबले की आतला दाब घसरतो आणि कॉरिडॉरची हवा आत येऊ लागते, म्हणून दाबाचं मापक रोज वाचलं जावं. पाण्याबाबत एवढंच की गरम पाणी 60 अंशांना साठवा आणि न वापरलेले नळ नियमित सोडा. कोमट साचलेलं पाणी लिजिओनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूला मानवतं.

सुरुवात? पॅनलवरच्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवू नका. आयसीयूपासून सुरू करून प्रत्येक सॉकेट कोणत्या ब्रेकरवर आहे ते स्वतः शोधा, आणि सॉकेटवरही तो नंबर लावा, म्हणजे रात्री फोनवर सिस्टर नुसती 'लाइट गेली' म्हणणार नाही, नंबर सांगेल. हे काम बायोमेडिकलच्या माणसाला बरोबर घेऊनच करा. कोणत्या मशीनला स्वतःची बॅटरी आहे आणि ती किती वेळ टिकते, हे त्याला माहीत असतं.

तुमच्या आयसीयूत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहेत का, आणि असतील तर त्यांचा अलार्म पॅनल सिस्टरच्या टेबलावरून दिसतो का, हे बघून कळवा. नसतील तर जीवरक्षक उपकरणांच्या सर्किटवर आरसीसीबी कुठे कुठे लागलेत त्याची यादी आधी करा. पुढचं त्यावरून ठरवता येईल.