तुरीचे बियाणे घरी राखताना
आपण हिंगण्याच्या वावरात यंदा प्रथमच तुरीचे बियाणे राखणार आहात, म्हणून सांगतो. मधमाश्यांमुळे तुरीत शेजारच्या वाणाचा पराग सहज मिसळतो. त्यामुळे धुऱ्याकडची झाडे सोडून, मर रोगाने आजूबाजूची वाळली तरी हिरवीगार राहिलेली, मधल्या भागातील झाडे हेरून त्यांना फुलोऱ्यातच सुतळी बांधावी. नुसत्या टपोऱ्या दाण्यावर भुलू नये. मी तसाच भुललो आणि माझा वाण दरवर्षी उशिरा पिकू लागला.

या निवडीची जनुकीय बदलाशी गल्लत करू नये. २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीत जिवाणूचे जनुक प्रयोगशाळेत घातलेले असते, ते निवडीने येत नाही. शिवाय ती बहुधा संकरित असल्याने तिची सरकी राखून पेरल्यास पुढची झाडे एकसारखी निघत नाहीत.