आईवडील दोघंच राहतात, त्यांना आता एकट्यानं झेपत नाहीये हे सुरुवातीलाच कसं ओळखायचं?

तुम्ही पुण्यात, आईवडील इकडं कोल्हापुरात दोघंच, आणि फोनवर विचारलं की "आम्हाला काय धाड भरलीय" म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडंपण सेम. माझ्या अनुभवानं सांगतो, पडण्याची नाहीतर विसरण्याची वाट बघू नका. त्याच्या लई आधी माणूस एखादं काम गुपचूप सोडून देतो आणि कारण असं देतो की आपल्याला पटतं.

आमचे आण्णा, वय ७६, रोज रात्री जेवण झालं की गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायला जायचे, कित्येक वर्षांचा नेम. गेल्या पावसाळ्यात बंद केलं. का ओ आण्णा, तर म्हणे "पाणी घालायला लागलेत." मी पण हो म्हणून सोडून दिलं, आणि दोन दिवसांनी डोक्यात आलं की अरे तिथं म्हैस समोर उभी असते, डोळ्यादेखत धार काढून ग्लास हातात देतात, पाणी घालणार कुठनं? मग मुद्दाम सोबत गेलो. समोरनं गाडीचा लाईट आला की आण्णा जागेवर थांबायचे, पायरी आधी पायानं चाचपून मग उतरायचे. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत.

त्यानंतर मी घरात नीट बघायला लागलो. बीपीच्या ३० गोळ्या १ तारखेला आणलेल्या, २२ तारखेला मोजल्या तर १७ शिल्लक. लाईट बिल दोनदा भरलेलं. आईनं भाकरी थापायची सोडली होती, रात्री दोघं चहा-चपातीवर भागवत होते.

डॉक्टरांनी सांगितलं की पैशाचा हिशोब, औषधं, बाजार, स्वयंपाक, फोन, बसनं एकट्यानं जाणं ही कामं आधी डळमळतात, अंघोळ-कपडे-जेवण लई नंतर. म्हणून दोन दिवसांसाठी आलेल्या पोराला सगळं ठीकच दिसतं. खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून परत येऊन बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पडायचा धोका धरतात, हे घरी बघता येतं, फक्त जवळ उभं राहा.

आणि प्लीज "वय झालं" म्हणून सोडू नका. बी-१२ कमी, थायरॉईड, कमी ऐकू येणं, मनातली उदासी, कितीतरी कारणांवर इलाज आहे. दोन-तीन दिवसांत एकदम फरक पडला, बरळायला लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या, लघवीचं इन्फेक्शन किंवा सोडियम कमी झालं तरी असं होतं.

फक्त कळलं म्हणून सगळं त्यांच्या हातातनं काढून घेऊ नका, जे जमत नाही तेवढ्यालाच हात लावा. आमच्या गोळ्या आता आठवड्याच्या डबीत असतात, ती आण्णा स्वतःच भरतात, मी रविवारी नुसती नजर टाकतो. ऑपरेशननंतर कट्ट्यावर परत जायला लागलेत, मी बरोबर असतो, पण दुधाचे पैसे तेच देतात.