झिंक फिंगर जनुक बंद करतं म्हणजे नेमकं काय करतं?

झिंक फिंगर म्हणजे डीएनएची ठरावीक जागा ओळखणाऱ्या प्रथिनातला झिंक धरून असलेला छोटा तुकडा. त्याच्याबद्दल प्रश्न दोन आहेत: झिंक डीएनएला चिकटतं म्हणून जनुक बंद होतं का, आणि झिंकच्या गोळ्यांनी त्यात फरक पडतो का. दोन्हींचं उत्तर नाही.

झिंकचा अणू डीएनएला शिवतही नाही. साधारण 30 अमिनो आम्लांचा (प्रथिनाचे मणी) हा इवलासा तुकडा स्वतःच्या बळावर घडी धरून राहू शकत नाही, म्हणून त्यातली दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन ही अमिनो आम्लं मधोमध झिंक पकडतात. झिंकचं काम तेवढंच. डीएनएचं वाचन करते ती शेजारची अल्फा-हेलिक्स, म्हणजे फिंगरचाच मळसूत्रासारखा भाग. ती डीएनएच्या मोठ्या खाचेत शिरते आणि साधारण तीन अक्षरं ओळखते. तीन अक्षरं जीनोममध्ये जागोजागी सापडतात, त्यामुळे एका फिंगरवर भागत नाही, ओळीने अनेक लागतात. 1985 मध्ये आरन क्लूग यांच्या केंब्रिजमधल्या गटाला बेडकाच्या अंडपेशीतल्या टीएफथ्रीए प्रथिनात अशा नऊ सापडल्या होत्या. गोळ्यांचं म्हणाल, तर पोटात गेलेलं झिंक एखादं ठरावीक जनुक निवडून चालू-बंद करत नाही.

आता बंद करण्याचं. फिंगर फक्त पत्ता शोधते. पुढे काय घडणार हे प्रथिन सोबत कुणाला आणतं त्यावर ठरतं. बीसीएल11ए हे झिंक फिंगरवालं प्रथिन बघा. गर्भातल्या हिमोग्लोबिनच्या गॅमा जनुकाच्या आरंभाआधी सुमारे 115 अक्षरांवर ते 'टीजीएसीसीए' ही ओळ पकडतं, आणि न्यूआरडी नावाच्या प्रथिनसंचाला तिथे बोलावतं. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेलं असतं त्या हिस्टोन प्रथिनांवरचे अॅसिटिल गट हा संच काढतो, क्रोमॅटिन (डीएनए आणि हिस्टोनची गुंडाळी) आवळतं, जनुक गप्प. काही माणसांत या ओळीच्या आसपास एकच अक्षर बदललेलं असतं. त्यांचं गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बनत राहतं आणि त्यांचं काही बिघडत नाही!

सिकलसेलमध्ये मोठेपणीचं हिमोग्लोबिन सदोष असतं, त्याची उणीव गर्भातलं हिमोग्लोबिन भरून काढू शकतं. उपचाराची कल्पना इथूनच आली. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने मान्यता दिलेल्या कॅसगेवी या उपचारात रुग्णाच्याच रक्तमूळपेशी काढून त्यांचं डीएनए क्रिस्पर या कात्रीने कापतात, पण बीसीएल11एचं जनुक कापत नाहीत. ते इतर पेशींनाही लागतं. कापतात ते लाल पेशींच्या वंशात त्याला जोर देणारं एन्हान्सर (डीएनएचा तुकडा), तेही नेमकं गाटा1 हे प्रथिन बसतं त्या जागी. गाटा1सुद्धा झिंक फिंगरच, फक्त चार सिस्टीनवालं!

अमेरिकेत याची किंमत 22 लाख डॉलर ठेवली आहे. गडचिरोली-नंदुरबारच्या रुग्णाच्या हाती सध्या हायड्रॉक्सीयुरिया हे औषधच येतं, आणि तेही मुख्यतः गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवूनच काम करतं.